फोनची जोडणी काढू नका, आणि ठेवाल तर नीट ठेवा : मोटार कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
प्रवासी गाड्यांच्या डॅशबोर्डवर काय असावे आणि काय नसावे हे ठरवणारे सर्व अधिकारी आणि अभियंते यांस,

विषय : ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांबाबतचे तुमचे धोरण

स.न.वि.वि.

आयफोनवरचा नकाशा, गाणी आणि कॉल गाडीच्या पडद्यावर आणते ते कारप्ले; अँड्रॉइड फोनसाठी तेच काम करते ते गूगलचे अँड्रॉइड ऑटो. मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात कारप्ले आले आणि पुढच्या वर्षी ह्युंदाईच्या सोनाटात अँड्रॉइड ऑटो. तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी ही सोय नाखुशीनेच घेतली. टोयोटासारख्या कंपनीने कारप्लेची घोषणा करायला २०१८ उजाडू दिले, अँड्रॉइड ऑटोला त्याहूनही उशीर केला. मग एक काळ असा आला की जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीत दोन्ही मिळू लागले आणि वाद संपल्यासारखे वाटले. तो संपलेला नाही. मार्च २०२३ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केले की आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत, २०२४ च्या ब्लेझर ईव्हीपासून, ही जोडणी नसेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले की पुढेमागे इतर गाड्यांतूनही ती जाईल. टेस्ला आणि रिव्हियन यांनी सुरुवातीपासूनच ती दाराबाहेर ठेवली होती. आता इतरांच्याही बैठकांत हाच विषय निघतो आहे.

आम्ही हे पडदे बसवणारे, उघडणारे आणि त्यांच्या तक्रारी निस्तरणारे लोक आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे : तुमच्या गाडीच्या पडद्याला दहा-बारा वर्षे कामाचा ठेवील असा एकच भाग सध्या उपलब्ध आहे, आणि तो ग्राहक स्वतःच्या पैशाने दर तीन-चार वर्षांनी बदलतो. तो भाग म्हणजे त्याचा फोन. तो तोडू नका. आणि ठेवायचाच असेल तर माहितीपत्रकात एक ओळ छापून मोकळे होऊ नका. कारण आज या जोडणीच्या नावाने जो त्रास होतो, त्यातला मोठा हिस्सा गाडीच्या बाजूने केलेल्या काटकसरीतून येतो.

आधी ग्राहकाबद्दल. जून २०२२ मध्ये ॲपलने स्वतःच्या मंचावरून सांगितले की अमेरिकेतले ७९ टक्के खरेदीदार कारप्ले असलेल्याच गाड्यांचा विचार करतात. माल विकणाऱ्याने दिलेला आकडा आहे, हातचे राखूनच घ्यावा. पण मॅकिन्सी या सल्लागार कंपनीच्या पाहणीतही जवळपास निम्म्या ग्राहकांनी ही सोय नसलेली गाडी घेणार नाही असे सांगितले, आणि ज्यांच्या गाडीत ती आहे त्यांतल्या ८५ टक्क्यांनी गाडीच्या मूळ यंत्रणेपेक्षा तिलाच पसंती दिली. याहून बोलका पुरावा कंपन्यांच्या माघारीत आहे. बीएमडब्ल्यूने कारप्लेसाठी अमेरिकेत वर्षाला ८० डॉलर लावून पाहिले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती आकारणी गुंडाळली. पोलस्टार २ ही गाडी २०२० मध्ये गूगलची यंत्रणा आतच बसवून आली. नकाशा उत्तम, बोलून सूचना देण्याची सोय उत्तम, तरी आयफोनवाल्यांची मागणी थांबली नाही. शेवटी जून २०२२ मध्ये अपडेटमधून कारप्ले द्यावेच लागले.

या सोयीचा खरेदीवर परिणाम कसा होतो, हे विक्री विभागाला ठाऊक असते. नियोजन विभागापर्यंत ते पोहोचत नसावे. कारप्ले आहे म्हणून कोणी गाडी घेत नाही. नाही म्हणून मात्र गाडी यादीतून उडते, आणि ती उडाल्याचे तुम्हाला कळतही नाही, कारण तो ग्राहक शोरूममध्ये आलेलाच नसतो. दुसरा परिणाम तुम्हाला जास्त झोंबतो : ज्याचा फोन पडद्यावर दिसतो तो तुमच्या महागड्या नेव्हिगेशन पॅकेजला पैसे मोजत नाही. इथे खरे दुखणे आहे. ते उघडपणे मांडले असते तर चर्चा सोपी झाली असती.

आता यंत्रणा. तुमच्या अभियंत्यांना हे माहीत आहे, पण निर्णय घेणाऱ्या टेबलावर ते सांगितले जात नाही असा अनुभव आहे. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोमध्ये सगळे गणित फोन करतो. नकाशा फोनवर आखला जातो, गाणे फोनवर उघडते, आवाज फोन ओळखतो. तयार झालेले चित्र एच.२६४ या पद्धतीने आवळून व्हिडिओसारखे गाडीकडे पाठवले जाते. गाडीचे हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला पडदा आणि त्यामागचा संगणक, ते उलगडून दाखवते आणि बोट कुठे टेकले यासारखी थोडीच माहिती परत कळवते. गाडीला वेगवान प्रोसेसर लागत नाही, मोठी साठवण लागत नाही, वेगळे सिम लागत नाही. म्हणून २०१६ ची वायरने जोडणारी गाडी आजही आजचा नकाशा दाखवते. त्याच गाडीत कंपनीने दिलेला मूळ नकाशा २०१६ मध्येच थांबलेला असतो आणि नव्या रस्त्यावर गाडीचे चिन्ह शेतातून धावत असते.

सगळे गाडीतच बसवले की काय होते, याची दोन उदाहरणे तुमच्याच क्षेत्रातली आहेत. टेस्लाच्या २०१२ ते २०१८ च्या मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८ च्या मॉडेल एक्स गाड्यांत पडद्यामागच्या संगणकाला ८ जीबीची ईएमएमसी मेमरी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली साठवणीची चिप, होती. या मेमरीवर लिहिण्या-पुसण्याला ठरावीक मर्यादा असते. नोंदी लिहून लिहून ती झिजली, पडदे काळे पडले, आणि पडद्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचे धुके घालवायची सेटिंगही गेली. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुसरे उदाहरण मोबाइल जाळ्याचे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांनी थ्रीजी बंद केले आणि धडधाकट गाड्यांतल्या जोडलेल्या सेवा एका रात्रीत मुक्या झाल्या. दूरून कुलूप उघडणे, अपघाताची सूचना, रहदारीची माहिती, सगळे गेले. कारण गाडीतला मोडेम बदलता येईल असा बनवलेलाच नव्हता. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांचे सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षे होते. बारा वर्षांपूर्वीचा फोन आज कोणी वापरत नाही, पण बारा वर्षांपूर्वीचे हेड युनिट माणसाने वापरावे अशी तुमची अपेक्षा असते.

जोडणी काढण्यासाठी जी कारणे दिली जातात त्यांतले एक आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. इलेक्ट्रिक गाडीत मार्ग आखताना बॅटरीत किती चार्ज उरला आहे, चढ किती, थंडी किती, हे कळावे लागते. शिवाय जलद चार्जरवर पोहोचण्याआधी बॅटरी तापवून तयार ठेवावी लागते. थंड बॅटरी पूर्ण वेगाने चार्ज घेत नाही, आणि ही पूर्वतयारी बहुतेक गाड्यांत त्यांच्याच नेव्हिगेशनमध्ये चार्जर निवडला तरच सुरू होते. फोनवरच्या नकाशाला यातले काही कळत नसेल तर चालक चार्जरपाशी पोहोचून उगाच ताटकळतो. तक्रार खरी आहे. पण बॅटरीची टक्केवारी आणि उरलेला पल्ला फोनला कळवण्याची सोय दोन्ही यंत्रणांत आलेली आहे. फोर्डच्या मस्टँग माक-ईमध्ये ॲपलचा नकाशा चार्जिंगचे थांबे धरून मार्ग आखतो. तेव्हा काम उरते ते तुमच्या बाजूचे : ही माहिती बाहेर द्या, आणि बॅटरी तापवण्यासाठी हाताने दाबायचे एक बटण पडद्यावर ठेवा, म्हणजे नकाशा कोणाचा का असेना, चालक पंधरा-वीस मिनिटे आधी ते दाबू शकेल.

दुसरे कारण सुरक्षिततेचे दिले जाते : फोनची जोडणी मध्येच तुटते, मग चालक फोन हातात घेतो. जोडणी तुटते हे खरेच. का तुटते ते पुढे लिहितो. पण तिला पर्याय म्हणून दिलेल्या यंत्रणा आभाळातून पडलेल्या नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये ज्या गाडीची विक्री सॉफ्टवेअरच्या बिघाडांमुळे काही काळ थांबवावी लागली ती हीच ब्लेझर ईव्ही होती. आणि गाडीच्या नकाशात पत्ता सापडला नाही तर चालक काय करतो? फोनच काढतो आणि मांडीवर ठेवतो.

तिसरे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही : माहिती आणि वर्गणी. फोनमधून जाणारा मार्ग, गाणी, शोध तुमच्या हाती लागत नाहीत. २०२३ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला संस्थेने २५ मोटार ब्रँडांची धोरणे तपासली. खासगीपणाच्या कसोटीवर एकही उतरला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्स आणि तिच्या ऑनस्टार या गाडीतल्या जोडलेल्या सेवेवर चालकांचे ठिकाण आणि गाडी चालवण्याच्या सवयी त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय इतरांना दिल्याबद्दल कारवाई जाहीर केली. ॲपल आणि गूगल साधुसंत आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण त्यांच्याशी ग्राहकाचा व्यवहार आधीच झालेला आहे. गाडी घेताना त्याला आणखी एक पहारेकरी नको असतो.

आता ज्यासाठी हे पत्र लांबले ते काम. जोडणी ठेवूनही ती वाईट कशी होते?

सुरुवात पोर्टपासून. अनेक गाड्यांत कन्सोलमध्ये दोन यूएसबी पोर्ट असतात आणि त्यांतला एकच हेड युनिटला जोडलेला असतो. दुसरा नुसता चार्जिंगचा. दोन्ही दिसायला सारखे. ग्राहक चुकीच्या पोर्टात केबल घालतो, चार्जिंग सुरू होते, पडद्यावर काही येत नाही, आणि गाडी सर्व्हिस सेंटरला येते. डेटा जाणाऱ्या पोर्टावर फोनचे छोटे चित्र छापायला खर्च जवळजवळ शून्य आहे. त्याच्याच पुढचा मुद्दा विजेचा. साध्या यूएसबी-ए डेटा पोर्टातून ५ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पिअर मिळतात, म्हणजे २.५ वॅट. फोनवर नकाशा, मोबाइल डेटा आणि गाणे एकाच वेळी चालू असेल तर खर्च याहून वर जातो, आणि केबल लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते. डेटा आणि १.५ ॲम्पिअर एकत्र देणारी पोर्टची जात यूएसबीच्या ठरलेल्या प्रमाणांत (स्टँडर्डमध्ये) कधीपासून आहे. टाइप-सी असेल तर ३ ॲम्पिअर, म्हणजे १५ वॅट देता येतात. निदान पुढच्या एका पोर्टाला एवढी ताकद द्या.

पोर्ट झिजतोही. यूएसबी-ए किमान १,५०० वेळा घालणे-काढणे सोसेल अशा हिशेबाने बनतो, टाइप-सी १०,००० वेळा. दिवसातून दोनदा गाडी वापरणाऱ्याचा यूएसबी-ए दोन वर्षांत कागदावरचे आयुष्य संपवतो. त्यानंतर खड्ड्यात गाडी आदळली की अर्ध्या सेकंदासाठी संपर्क सुटतो आणि पडदा मूळ पानावर परत येतो. ग्राहक सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. आम्ही पोर्ट बदलतो आणि तक्रार मिटते. पण काही गाड्यांत हा पोर्ट कन्सोलच्या अख्ख्या जोडभागाबरोबरच मिळतो, सुटा मिळत नाही. हा भाग सुटा आणि दोन स्क्रूंत निघणारा असावा. पोर्टापासून हेड युनिटपर्यंतची आतली वायरही तपासा. ती दीड-दोन मीटर, वर ग्राहकाची एक मीटर, मध्ये दोन-तीन जोड. ४८० मेगाबिटच्या सिग्नलला प्रत्येक जोड जाचतो. म्हणूनच तीच केबल घरी संगणकाला व्यवस्थित चालते आणि गाडीत चालत नाही. ग्राहकाला गाडीसोबत एक मीटरच्या आतली, डेटाच्या तारा असलेली प्रमाणित केबल द्या. बाजारातल्या स्वस्त केबलींत पुष्कळदा फक्त विजेच्या दोनच तारा असतात.

वायरलेसचे दुखणे वेगळे. तिथे ओळख ब्लूटूथवर होते, त्यावरूनच वाय-फायचे नाव आणि पासवर्ड फोनला जातो, फोन गाडीच्या वाय-फायवर चढतो आणि मग चित्र सुरू होते. या साखळीत बिघडायला जागा भरपूर. स्वस्त हेड युनिट २.४ गिगाहर्ट्झवर चालवले तर त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि आजूबाजूचे शेकडो राऊटर असतात. गर्दीच्या चौकात आवाज तुटतो. ५ गिगाहर्ट्झ अनिवार्य धरा. गाडीच्या वाय-फायला इंटरनेट नसते, त्यामुळे काही अँड्रॉइड फोन 'हे नेटवर्क निरुपयोगी' असे ठरवून ते सोडून देतात. फोनमधली आपोआप नेटवर्क बदलण्याची सेटिंग बंद केली की थांबतात. व्हीपीएन, म्हणजे फोनची सगळी माहिती एका बंदिस्त वाटेने दूरच्या सर्व्हरकडे नेणारे ॲप, चालू असेल तर गाडीकडे जायची माहितीही त्याच वाटेला लागते आणि जोडणी होतच नाही. बॅटरी सेव्हर चालू असेल तर पार्श्वभूमीतले काम झोपते. ही तीन कारणे तुमच्या मदतपुस्तिकेत एका पानावर मावतात. आज त्या पानावर 'फोन आणि गाडी दोन्ही रीस्टार्ट करा' एवढेच असते. (आणि हेड युनिट रीस्टार्ट कसे करायचे तेही नसते. कुठे आवाजाचा नॉब दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा असतो, कुठे दोन बटणे एकत्र. ग्राहक बिचारा इग्निशन बंद-चालू करत राहतो आणि युनिट मात्र नुसते झोपून परत उठते, रीस्टार्ट होतच नाही.)

अँड्रॉइड ऑटोत आणखी एक गाठ आहे. वायरने जोडले तरी फोनचे बोलणे ब्लूटूथवरूनच जाते. गाडीचे ब्लूटूथ जुन्या पद्धतीचे, ८ किलोहर्ट्झचा आवाज उचलणारे असेल तर पलीकडच्या माणसाला विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येते. १६ किलोहर्ट्झची सोय ब्लूटूथच्या हँड्सफ्री प्रमाणात कित्येक वर्षांपासून आहे. तरी नव्या गाड्यांत तिच्याशिवाय युनिटे येतात, कारण कारप्ले-अँड्रॉइड ऑटोच्या चौकटीत टिकमार्क झाला की ब्लूटूथकडे कोणी पाहत नाही.

वायरलेस चार्जिंगच्या ट्रेबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. फोन वाय-फायवरून व्हिडिओ पाठवतो आहे, जीपीएस चालू आहे, खालून कॉइल तापवते आहे आणि वरून काचेतून ऊन पडते आहे. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे ॲपल सांगते. बंद ट्रेमध्ये ते केव्हाच ओलांडले जाते. मग फोन आधी चार्जिंग थांबवतो, नंतर स्वतःचा वेग कमी करतो आणि पडद्यावरचा नकाशा अडखळू लागतो. ट्रेखाली छोटा पंखा किंवा एसीच्या हवेची एक नळी दिली की बहुतेक त्रास जातो. ते जमत नसेल तर निदान ट्रे उन्हात नको.

ठिकाण दाखवण्यातही अशीच हयगय. फोन झाकणाच्या कप्प्यात असेल तर त्याला उपग्रह नीट दिसत नाहीत. गाडीच्या छपरावरच्या अँटेनाला दिसतात. गाडीचे ठिकाण, चाकांचा वेग आणि वळणाचे माप फोनला पुरवायची तरतूद या यंत्रणांत आहे. ती दिली तर बोगद्यातही बाण सरकत राहतो. न देता सोडली तर उड्डाणपुलाखालून बाहेर पडल्यावर फोन 'मार्ग पुन्हा शोधतो आहे' म्हणत बसतो. चुकीची दिली तर त्याहून वाईट : तळघरातल्या पार्किंगमधून निघताना गाडीने जुनी दिशा कळवली की नकाशा उलटा फिरतो आणि चालक पहिल्याच वळणावर चुकतो. माहितीपत्रकात हा मुद्दा आम्ही अजून पाहिलेला नाही.

पडद्याच्या आकाराचेही तसेच. रुंद पडदा बसवायचा आणि त्यावर फोनचे चित्र मधल्या चौकटीत, दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून दाखवायचे, हा प्रकार सॉफ्टवेअरमध्ये योग्य मापे कळवली नाहीत म्हणून होतो. काही गाड्यांत आणखी गंमत आहे : खालच्या व्हेरियंटमधल्या छोट्या पडद्याला वायरलेस जोडणी, आणि मूळ नेव्हिगेशनसह येणाऱ्या टॉप मॉडेलच्या मोठ्या पडद्याला फक्त वायर. जास्त पैसे देणाऱ्याला केबल मिळते. या ग्राहकाला शोरूममधला माणूस काय समजावणार? मग तो बाजारातून वायरलेस ॲडॅप्टर घेऊन पोर्टात खुपसतो. ॲडॅप्टर त्याच २.५ वॅटवर चालतो, गरम होतो, सुरू व्हायला वेळ घेतो, आणि तुमच्या वॉरंटीच्या तक्रारींत भर घालतो.

फोनचे अपडेट आले आणि गाडीत बिघडले, ही नेहमीची तक्रार. ॲपल नव्या आयओएसची चाचणी आवृत्ती जूनमध्ये खुली करते आणि सप्टेंबरमध्ये ती सगळ्यांना मिळते. मधले तीन महिने तुमचे आहेत. गेल्या दहा वर्षांत विकलेल्या प्रत्येक जातीचे एक हेड युनिट प्रयोगशाळेत ठेवा आणि दर आठवड्याला नव्या आवृत्तीवर जोडणी, फोन, नकाशा, रिव्हर्स कॅमेरा ही चारच कामे तपासा. सप्टेंबरनंतर सर्व्हिस सेंटरला फोन करणाऱ्यांची रांग कमी होईल. हेड युनिटच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे फर्मवेअरचे, अपडेट पेनड्राइव्हवरून ग्राहकाला स्वतः टाकता यावे. त्यासाठी पेनड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटचा हवा आणि अपडेट चालू असताना इंजिन चालू ठेवायचे की नाही, हे स्पष्ट लिहा. बॅटरी उतरून अपडेट अर्धवट राहिले की युनिट निकामी होते, आणि ते बदलायचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो.

एक गोष्ट उलट बाजूनेही सांगतो. फोनची जोडणी दिली म्हणून बटणे काढायची सवलत मिळत नाही. स्वीडनच्या 'वी बिलेगारे' मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने तीच कामे वेगवेगळ्या गाड्यांत करून पाहिली. बटणांच्या २००५ च्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत झाली, एका टचस्क्रीनवाल्या नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले. तेवढ्या वेळात ती गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेली होती. २०२६ पासून युरो एनकॅप या युरोपातल्या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचे पूर्ण गुण हवे असतील तर दिशादर्शक, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना प्रत्यक्ष बटणे-दांडे लागतात. त्या यादीत आवाजाचा नॉब आणि एसी नाहीत, पण ते तुम्ही न सांगता ठेवावेत. फोनचा नकाशा पडद्यावर असताना काचेवरचे धुके घालवायला तीन पाने उलटावी लागली तर दोष फोनचा नसतो.

तुमच्याकडून आम्हाला हवे ते हे. माहितीपत्रकात 'स्मार्टफोन कनेक्टिव्हिटी' असे मोघम लिहू नका. त्याखाली नुसते ब्लूटूथही खपते. कारप्ले वायरने की वायरशिवाय, अँड्रॉइड ऑटो वायरने की वायरशिवाय, हे प्रत्येक व्हेरियंटपुढे वेगवेगळे लिहा. कोणता पोर्ट डेटाचा, किती वॅटचा. चित्र पूर्ण पडद्यावर येते का, चालकासमोरच्या मीटरमध्ये नकाशा दिसतो का. गाडीचे जीपीएस फोनला मिळते का. कसलीही वर्गणी आहे का, आणि असेल तर फुकटची मुदत कोणत्या तारखेला संपते. सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षे देणार, हे तर आकड्यात आणि लेखी.

शोरूममधल्या गाडीवर ग्राहकाला त्याच्या स्वतःच्या फोनने तपासणी करू द्या. वीस मिनिटे पुरतात. आधीच्या सगळ्या फोनांच्या नोंदी पुसून नव्याने जोडणी करावी. नकाशा लावून गाणे सुरू करावे, मग कोणालातरी फोन करून पलीकडे आवाज कसा येतो ते विचारावे. बोलणे चालू असतानाच रिव्हर्स टाकावा : कॅमेऱ्याचे चित्र लगेच यायला हवे आणि बोलणे तुटता कामा नये. नंतर गाडी बंद करून, दार उघडून, कुलूप लावून पाच मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करून नकाशा किती सेकंदांत परत येतो ते मोजावे. घरात दोन फोन असतील तर दोन्ही जोडून एकावरून दुसऱ्यावर जाऊन पाहावे, कारण बहुतेक युनिटे इथेच गोंधळतात. शेवटी बॅटरीची टक्केवारी सुरुवातीला होती त्यापेक्षा खाली गेली का ते पाहावे. नेव्हिगेशनच्या सूचनेचा आवाज सूचना बोलली जात असतानाच नॉब फिरवून कमी-जास्त होतो, हे विक्रेत्याने न विचारता सांगावे. 'बाई फार मोठ्याने बोलते' या तक्रारीवर दुसरा इलाज नाही.

गाडी विकताना किंवा परत घेताना हेड युनिट फॅक्टरी रीसेट करण्याची पायरी तुमच्या हस्तांतराच्या यादीत घाला. आधीच्या मालकाचे संपर्क, घराचा पत्ता आणि कॉलची यादी ब्लूटूथने उतरवून घेतलेली असते. जोडणी तोडली म्हणून ती जातेच असे नाही.

यातले कोणतेही काम नव्या संशोधनाची वाट पाहत नाही. बहुतेक कामे पोर्ट, वायर, पंखा आणि दोन पानांच्या मजकुराची आहेत. पुढच्या मॉडेलचे आराखडे गोठण्याआधी वरच्या मुद्द्यांपैकी कोणते मान्य आणि कोणते अमान्य, आणि अमान्य असतील तर का, एवढे जाहीरपणे कळवावे.

कळावे,

आपले,
गाड्यांचे पडदे बसवणारे आणि दुरुस्त करणारे तंत्रज्ञ